जुना संगणक, मोजके पैसे : पहिला रुपया कशावर खर्चावा?

गोव्यातील अनेक घरांत पहिला संगणक आला तो या शतकाच्या आरंभी, राज्य शासनाच्या सायबरएज योजनेतून. उच्च माध्यमिक वर्गांत शिकणाऱ्या त्या वेळच्या मुलांना नवे कोरे यंत्र मिळाले. ती मुले आता स्वतः पालक झाली आहेत, आणि त्यांतील कित्येकांना आपल्या मुलांसाठी नवा संगणक घेणे परवडत नाही. मग पावले म्हापसा, मडगाव किंवा फोंड्यातील जुन्या संगणकांच्या दुकानाकडे वळतात. तेथे मांडलेली यंत्रे बहुधा बंगळुरू, पुणे, मुंबईच्या कार्यालयांतून सेवानिवृत्त झालेली असतात. मोठ्या कंपन्या काही वर्षांनी आपले संगणक ठरावीक क्रमाने बदलतात आणि जुने एकगठ्ठा विकून टाकतात. ही यंत्रे दिसायला ओबडधोबड असली तरी बांधणीने दणकट असतात, आणि घरगुती वापरासाठी स्वस्तात बनविलेल्या नव्या लॅपटॉपपेक्षा पुष्कळदा अधिक टिकतात.

तक्रार सुरू होते ती घरी आणल्यावर. बटण दाबले की पडदा उजळतो, पण काम करण्याजोगा होईपर्यंत चहा उकळून पिऊन होतो. ब्राउझर उघडावा तर यंत्र हँग होते. मग सल्ले येऊ लागतात. कोणी म्हणतो फॉरमॅट मारा, कोणी म्हणतो प्रोसेसर बदला, कोणी ग्राफिक्स कार्ड सुचवितो, आणि शेवटी कोणीतरी ‘हे भंगारात द्या, हप्त्यांवर नवा घ्या’ म्हणून मोकळा होतो. ज्या कुटुंबाने आठ-दहा हजार रुपये साठवून यंत्र घेतले आहे आणि ज्याच्यापाशी आणखी फार तर तीन-चार हजार आहेत, त्याला यांतील एकच सल्ला ऐकता येतो. तो चुकला तर पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करण्याइतके पैसे त्याच्याकडे नसतात. म्हणूनच खर्चाचा क्रम नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिला रुपया एसएसडीवर खर्चावा. दुसरा रॅमवर. तिसरा बहुतेक वेळा खर्चूच नये.

असे का, हे कळण्यासाठी मामलेदार कचेरीतील अभिलेख विभाग डोळ्यांपुढे आणावा. एक-चौदाचा उतारा हवा म्हणून अर्ज केला की कारकून उठतो, मागच्या खोलीत जातो, रॅक शोधतो, फाईल काढतो, टेबलाशी येतो. कारकून कितीही हुशार असो, आणि प्रोसेसर म्हणजे तोच, त्याचा बहुतेक वेळ ये-जा करण्यातच जातो. जुन्या संगणकातील हार्ड डिस्क ही ती मागची खोली. तिच्यात धातूची किंवा काचेची तबकडी फिरत असते. लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे, डेस्कटॉपमध्ये ७,२००. मिनिटाला ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा वाट पाहावी लागते, आणि त्याआधी ते टोक योग्य वर्तुळापर्यंत सरकावे लागते, त्याला आणखी ९-१० मिलिसेकंद. हिशेब केला तर विखुरलेल्या जागांवरचे तुकडे वाचताना ही डिस्क सेकंदाला साधारण ७०-८० फेऱ्याच करू शकते. लॅपटॉपची त्याहून कमी.

विंडोज सुरू होताना हजारो लहान लहान फाईली उघडाव्या लागतात. पार्श्वभूमीवर अद्ययावतीकरण चालू असते, विषाणुरोधक प्रणाली प्रत्येक फाईल तपासते, ब्राउझर आपली साठवण चाळतो. सगळे अर्ज एकाच खिडकीवर! एसएसडीमध्ये तबकडी नाही, फिरणे नाही, सरकणे नाही. माहिती इलेक्ट्रॉनिक चिपमध्ये असते आणि तुकडा शोधायला एका मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी वेळ पुरतो. सेकंदाला ७०-८०च्या जागी हजारो मागण्या पुऱ्या होतात. प्रोसेसर तोच, मदरबोर्ड तोच, पण यंत्राचा स्वभाव पालटतो. इतक्या कमी पैशांत इतका फरक पाडणारी दुसरी कोणतीही सुधारणा जुन्या संगणकात संभवत नाही.

हे आपल्या यंत्राला लागू आहे की नाही, ते पैसे खर्चण्यापूर्वी पाहता येते. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स विभागात डिस्क सतत शंभर टक्के दाखवीत असेल आणि सीपीयू वीस-तीस टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर दोष डिस्कचा. तेथेच मेमरीवर टिचकी मारली तर रॅम किती, कोणत्या वेगाची आणि किती खाचांपैकी किती भरलेल्या आहेत हेही दिसते. दुकानदाराकडे जाताना या दोन पडद्यांचे छायाचित्र मोबाईलमध्ये असू द्यावे. अर्धी चर्चा आपोआप टळते.

आता एसएसडी घेताना. बाजारात एसएसडीचे दोन मुख्य प्रकार आढळतात: साटा आणि एनव्हीएमई. एनव्हीएमई कितीतरी वेगवान, म्हणून विक्रेता तीच पुढे करतो. परंतु २०१३-१४ च्या सुमाराच्या बहुतेक यंत्रांत तिच्यासाठी जागाच नसते, आणि जोडकार्ड लावून बसविली तरी जुने बायॉस तिच्यावरून संगणक सुरू करायला बहुधा नकार देते. अशा यंत्राला अडीच इंची साटा एसएसडीच हवी. थोड्या नव्या लॅपटॉपमध्ये एम.२ नावाची खाच असते, पण तीतही काही ठिकाणी फक्त साटा चालते, काही ठिकाणी फक्त एनव्हीएमई. बाहेरून दोन्ही पट्ट्या जवळजवळ सारख्याच दिसतात, तेव्हा मॉडेल क्रमांक पाहिल्याखेरीज घेऊ नये. क्षमता २४० किंवा २५६ जीबी असावी. १२० जीबीची किंमत थोडी कमी असते खरी, पण विंडोज आणि चार सॉफ्टवेअर बसल्यावर ती भरत येते, आणि काठोकाठ भरलेली एसएसडी मंदावते. एक टीबीची एसएसडी कोणी नवलाईच्या किमतीत देऊ लागला तर तिच्यापासून दूरच राहावे. आत लहानशी चिप बसवून क्षमता मात्र खोटी दाखविणाऱ्या वस्तू ऑनलाइन बाजारात सर्रास आढळतात. नामांकित कंपनीची, पावतीसह आणि तीन वर्षांच्या हमीची घेणे शहाणपणाचे. संगणक सेकंड हँड असला तरी एसएसडी नवीच असावी.

बसविणे अवघड नाही. लॅपटॉपच्या तळाशी चार-सहा स्क्रू काढले की जुनी डिस्क बाहेर येते आणि नवी त्याच जागी बसते. डेस्कटॉपमध्ये तिला एक साटा तार आणि एसएमपीएसकडून येणारी विजेची तार लागते. योग्य चौकट नसेल तर दुहेरी चिकटपट्टीनेही ती कॅबिनेटला लावता येते, कारण तिच्यात हलणारे काहीच नाही. मात्र जुन्या डिस्कवरचे सारे जसेच्या तसे नव्यावर उतरविण्याचा, म्हणजे क्लोन करण्याचा मोह टाळावा. सेकंड हँड संगणकात आधीच्या मालकाचे किंवा दुकानदाराचे काय काय भरलेले असते कोण जाणे. क्रॅक केलेले सॉफ्टवेअर, त्याबरोबर आलेले हेरगिरी करणारे प्रोग्राम, हे सगळे ओझे नव्या डिस्कवर कशाला? आपल्या फाईली वेगळ्या काढून प्रणाली कोरी बसवावी. यंत्रावर अधिकृत विंडोज १० आधीच सक्रिय असेल तर तिचा परवाना मदरबोर्डाशी जोडलेला असतो. त्याच मदरबोर्डावर पुन्हा बसविल्यावर इंटरनेट जोडताच ती आपोआप सक्रिय होते.

दुसरी पाळी रॅमची. अभिलेखागाराच्याच भाषेत सांगायचे तर रॅम म्हणजे कारकुनाचे टेबल. टेबल लहान असेल तर दुसरी फाईल ठेवण्यासाठी पहिली पुन्हा रॅकवर नेऊन ठेवावी लागते. चार जीबी रॅम असलेल्या यंत्रावर आजचा ब्राउझर पाच-सहा पाने उघडतो तेव्हा नेमके हेच घडते: रॅममधील मजकूर डिस्कवर लिहिला जातो आणि पुन्हा वाचला जातो. डिस्क जुनी असली तर यातना दुप्पट. अभ्यास, कार्यालयीन काम आणि व्हिडिओवरचा वर्ग एवढ्यासाठी आठ जीबी पुरेशी आहे. सोळा जीबी मिळाली तर आनंद, पण मर्यादित पैशांत तो हट्ट नको. विशेषतः २०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरीचे भाव जगभर चढले आहेत, तेव्हा तर नाहीच. जुनी वापरलेली रॅम घ्यायला हरकत नाही. तिच्यातही हलणारे भाग नसतात आणि ती सहसा एकाएकी मरत नाही.

रॅमच्या खरेदीत मात्र बारकावे पुष्कळ. पट्टीवरच्या चिठ्ठीवर पीसी३ असे असेल तर ती दीड व्होल्टची डीडीआर३. पीसी३एल असेल तर १.३५ व्होल्टची, पीसी४ म्हणजे डीडीआर४. डीडीआर३ आणि डीडीआर४ यांच्या खाचाच वेगळ्या असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही. पण पीसी३ आणि पीसी३एल दोन्ही बसतात, आणि गोंधळ तेथेच होतो: इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला सामान्यतः कमी व्होल्टचीच पट्टी लागते, साधी लावली तर पडदा काळाच राहतो. डेस्कटॉपची पट्टी लांब, लॅपटॉपची आखूड. शिवाय डेस्कटॉपसाठी डीडीआर३ची आठ जीबीची पट्टी कोणी फारच स्वस्तात देत असेल तर बारीक अक्षरे वाचावीत. ‘फक्त एएमडीसाठी’ असे लिहिलेल्या पट्ट्या बाजारात आहेत आणि त्या इंटेलच्या मदरबोर्डावर चालत नाहीत. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच कायमची जोडलेली असते. तेथे वाढविण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि म्हणून असे यंत्र चार जीबीचे असेल तर ते स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये.

एक प्रत्यक्ष नमुना घेऊ. डेल कंपनीचा ऑप्टिप्लेक्स ७०२० हा कार्यालयीन डेस्कटॉप २०१४ चा. त्यात अनेकदा कोअर आय५ ४५९० हा प्रोसेसर असतो: चार गाभे, ३.३ गिगाहर्ट्झ. रॅमसाठी डीडीआर३च्या चार खाचा, कमाल ३२ जीबी. चार जीबीची एकच पट्टी आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क अशा अवस्थेत तो हातात येतो तेव्हा रडकुंडीला आणतो. त्याच जातीची आणखी एक चार जीबीची पट्टी टाकली तर दोन पट्ट्यांतून एकाच वेळी वाचन होऊ लागते, हा वरचा लाभ. २५६ जीबीची साटा एसएसडी बसविली की लेखन, हिशेब, प्रोग्रामिंगचे प्राथमिक धडे, ऑनलाइन वर्ग यांसाठी हे यंत्र अजून काही वर्षे निवांत चालेल. यापुढे त्यात पैसे घालू नयेत. मोठे ग्राफिक्स कार्ड लावायचे म्हटले तर त्याचा एसएमपीएस अपुरा पडतो, आणि तो बदलायचा म्हटले तर या मॉडेलमधील विजेची जोडणी सर्वसाधारण एटीएक्स प्रकारची नसल्याने बाजारातला कोणताही एसएमपीएस थेट बसत नाही. प्रोसेसर बदलायचा तर फक्त त्याच खाचेचा, म्हणजे त्याच काळातला घ्यावा लागतो. आय३च्या जागी जुना आय५ फार स्वस्तात मिळाला तर गोष्ट वेगळी. नव्या पिढीचा प्रोसेसर हवा असेल तर मदरबोर्ड आणि रॅमही बदलावी लागते, आणि मग जुन्यातले कॅबिनेटच काय ते उरते.

ज्यांनी अजून यंत्र घेतलेलेच नाही त्यांनी प्रोसेसरचा क्रमांक वाचायला शिकावे. आय५ ४५९० मधला पहिला ४ म्हणजे चौथी पिढी. आय३ ८१०० मधला ८ म्हणजे आठवी. ‘आय७ आहे साहेब’ या एका वाक्यावर दुकानात भाव वाढतो, पण नुसते आय७ म्हणजे काहीच नाही. २०१७ च्या अखेरीस आलेला आय३ ८१०० हा २०११ च्या आय५ २४०० ला सहज मागे टाकतो. आठव्या पिढीला आणखी एक महत्त्व आहे. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि, इंटेलच्या बाबतीत, साधारणपणे आठव्या किंवा पुढील पिढीचा प्रोसेसर अशी अट घातली आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांना नावनोंदणी करून मिळणारी सुरक्षेची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. म्हणजे दोन-तीन हजार अधिक घालून आठव्या पिढीचे यंत्र मिळत असेल तर ते पैसे रॅमपेक्षाही आधी तेथे घालावेत. पोरांच्या अभ्यासाबरोबर त्याच यंत्रावरून बँकेचे व्यवहार आणि वीजबिल होणार असेल, तर सुरक्षेची ठिगळे बंद झालेली प्रणाली वापरणे म्हणजे दाराला कडी न लावता गावाला जाणे.

ज्यांच्याकडे चौथ्या-पाचव्या पिढीचे यंत्र आधीच आहे त्यांनी हताश होऊ नये. लिनक्स हा विनामूल्य आणि पूर्णपणे कायदेशीर मार्ग आहे. गोव्याला तो नवाही नाही. या शतकाच्या आरंभी येथील शाळांसाठी जुने संगणक आणून त्यांवर लिनक्स बसविण्याचा प्रयोग झाला होता. लिनक्स मिंटची २२वी आवृत्ती जुलै २०२४ मध्ये आली आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा-आधार आहे. चार जीबी रॅमवर तिचे एक्सएफसीई रूप बऱ्यापैकी हलकेपणाने चालते. विंडोजच्या सवयीच्या माणसाला तिची मांडणी परकी वाटत नाही. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, व्हिडिओ कॉल, युनिकोड मराठी, इनस्क्रिप्ट कळफलक, सारे काही आहे. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवरून, काहीही न बसविता, ती आधी चालवून पाहता येते. त्याच वेळी वायफाय, आवाज आणि कॅमेरा तपासून घ्यावा.

तरीही ती सर्वांसाठी नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. घरात कोणी टॅलीवर हिशेब ठेवत असेल, श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटवर डीटीपी करत असेल, किंवा डिजिटल सहीचे साधन लावून शासकीय संकेतस्थळांवर अर्ज भरत असेल, तर लिनक्सवर खटपट वाढते. प्रिंटरचेही तसेच. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांपासून कचेऱ्यांपर्यंत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० विंडोजवर मुकाट चालतो, लिनक्सवर मात्र त्याला चालते करणे जाणत्याचे काम आहे. अशा घरांनी आठव्या पिढीच्याच यंत्राचा विचार करावा.

काही दुरुस्त्या जवळजवळ फुकटच्या असतात आणि त्या खरेदीच्या आधी करायच्या असतात. आपली हवा दमट, किनाऱ्याजवळ खारट. रॅमच्या सोनेरी कडांवर मळ धरतो आणि यंत्र सुरूच होत नाही. वीज पूर्ण बंद करून पट्टी काढावी, कडा मऊ खोडरबराने हलकेच पुसाव्यात, पुन्हा बसवावी. पंख्यात धुळीची गादी जमलेली असते. ती काढली आणि प्रोसेसरवरची वाळून गेलेली थर्मल पेस्ट बदलली की तापून मंदावणारे यंत्र पुन्हा वेग धरते. संगणकाची तारीख दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डावरचा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल संपलेला आहे. तारीख चुकीची असली की बँकेची आणि इतर सुरक्षित संकेतस्थळे उघडतच नाहीत, आणि लोक इंटरनेटवाल्याला दोष देत बसतात.

कार्यालयातून आलेल्या लॅपटॉपबाबत दुकानातच दोन गोष्टी पाहाव्यात. बायॉसमध्ये शिरताना पासवर्ड मागितला जात असेल, किंवा विंडोज नव्याने बसविल्यावर एखाद्या कंपनीच्या नावाचे लॉगिन येत असेल, तर यंत्र तेथेच ठेवून यावे. आणि बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला असेल तर ते यंत्र चार्जिंगला लावू नये. ती बॅटरी टोचू नये, दाबू नये, घरच्या कचऱ्यातही टाकू नये, ती ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्यावी.

कोअर २ ड्युओच्या काळातले, डीडीआर२ रॅमचे यंत्र कोणी देऊ केले तर नम्रपणे नको म्हणावे. एसएसडी त्यालाही थोडी धुगधुगी देईल, पण त्याच्या रॅमवर घातलेले पैसे पुढे दुसऱ्या कोणत्याही यंत्रात उपयोगी पडत नाहीत. एसएसडीचे तसे नाही. आज ऑप्टिप्लेक्समध्ये बसविलेली साटा एसएसडी उद्या यंत्र बदलले तरी नव्या डेस्कटॉपमध्ये जाते.

राहता राहिली काढून ठेवलेली हार्ड डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फो या विनामूल्य सॉफ्टवेअरने तिची प्रकृती पाहावी. पिवळा किंवा लाल इशारा नसेल तर अडीच इंची डिस्कसाठी यूएसबीची साधी डबी मिळते, तीत घालून घरातील छायाचित्रे आणि कागदपत्रांची दुसरी प्रत तिच्यावर ठेवता येते. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क आतच दुसऱ्या तारेवर राहू द्यावी. इशारा असेल तर मात्र तिच्यावर काहीही सोपवू नये, आणि विकूही नये. आधीच्या आणि आपल्या अशा दोन्ही मालकांचे खासगी कागद तिच्यावर असू शकतात.